रूथसाठी रिसोडपर्यंत पायी

पायी चालणाऱ्याच्या पायाला फोड येतात आणि तोंडाला किस्से. फोड आठवडाभरात बसतात, किस्से काही पिच्छा सोडत नाहीत!

आमच्या चर्चच्या मंडळींनी कारंजा लाड ते रिसोड पदयात्रा काढली. आमच्यातल्या सॅम्युअलभाऊंच्या मुलीला, रूथला, थॅलेसेमिया आहे. दर महिन्याला रक्त चढवावं लागतं, आणि ग्रुप ओ निगेटिव्ह, म्हणजे शोधून सापडत नाही. त्या महिन्याची पिशवी अजून मिळाली नव्हती. गावोगाव रक्तदाते शोधायचे आणि शेवटी रिसोडला शिबिर घ्यायचं, असं ठरलं.

पास्टरांनी नियम घातला, "छातीवर क्रूस, तोंडाला कुलूप. प्रवचन नाही. चालणं हीच आपली साक्ष!"

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी कारंज्यात जैन धर्मशाळेत जेवणाची सोय होती. पास्टरांनी आधी प्रार्थना धरली. पाऊस, पीक, सरकार, कोणालाच सोडलं नाही. आमेन म्हणून डोळे उघडले तर समोरची ताटं गायब!

धर्मशाळेचे काका हात जोडून म्हणाले, "माफ करा, सूर्य बुडाला. आता आमच्याकडे जेवण नाही. तुमचा देव लवकर ऐकत असेल हो, तुम्हीच फार वेळ सांगता!"

आम्ही बिस्किटं खाऊन झोपलो.

*

दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या शेतातून एक आजोबा धावत रस्त्यावर आले.

"नवस बोलले का?"

"नाही," मी म्हणाले.

"दर्शनाले चालले?"

"नाही."

"मंग पायी कायले चालून राह्यले? येष्टी बंद हाय का?"

मी शाळेत भूगोल शिकवते. एरवी कोणाला उत्तराशिवाय सोडत नाही. तिथे मी आजोबांना येष्टीच्या वेळा सांगून पाय उचलला!

*

पुढच्या गावात बुद्धविहारात सावलीला बसून रक्तदात्यांची नावं लिहू लागलो. एक बाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. क्रूसाकडे बघत पास्टरांना म्हणाल्या, "रक्त देल्यावर धर्म तर नाही न बदला लागत?"

"अजिबात नाही, ताई!"

"मंग ठीक हाय. आमच्या आज्यानं एकडाव बदलला, आता पुन्हा नाही जमत. लिवा, माहं आन दोन्ही पोरायचं नाव!"

पास्टरांना ठसका लागला.

*

रूथ मागून जीपमध्ये यायची. वाशिमकडच्या मालेगावला मी घटकाभर जीपमध्ये बसले, तर तिने विचारलं,

"बाई, ज्याचं रक्त त्याचे गुण येते का?"

"का गं?"

"मागच्या टायमाले चढवलं तवापासून मले गणितच जमून नाही राह्यलं! यावेळी हुशार मानसाचं पाहा न."

जीपमधले सगळे खो खो हसले. मी हसता हसता तिच्या नखांकडे पाहिलं. पांढरीफटक! हुशार राहू दे, कोणाचंही मिळू दे, असं झालं मला.

*

रिसोडच्या अलीकडे एका गावात वेशीवरच बबनराव नावाचे धिप्पाड गृहस्थ आडवे उभे राहिले. "आमच्या गावात प्रचार चालनार नाही. फिरा मांगं!"

सॅम्युअलभाऊ एवढंच बोलले, "प्रचार नाही, दादा. पोरीले ओ निगेटिव्ह रक्त पायजे. उद्या रिसोडले शिबिर हाय." आणि आम्ही बाहेरच्या रस्त्याने निघून आलो.

सकाळी रिसोडच्या शिबिरात बरीच माणसं आली, विहारातल्या बाईही आल्या. पण ओ निगेटिव्ह एकही नाही. सॅम्युअलभाऊ कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे होते. तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. बबनराव! माझ्या हातातला चहा सांडला. आले तसे बाही वर करत म्हणाले, "माहं ओ निगेटिव्ह हाय."

नर्सने बीपी पाहिलं आणि मान हलवली. "खूप वाढलंय. असं नाही घेता येत."

"काहून नाही घेता येत?" ते असे गरजले की बीपी आणखी चढलं असणार! मग धपकन खुर्चीत बसले आणि पास्टरांना हाक मारली.

"ओ पास्टर! करा तुमची थे प्रार्थना. बीपी उतरलं पायजे. पन देवाले आधीच सांगून ठेवा, हा मानूस तुमच्यात येनार नाही!"

पास्टरांनी हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि डोळे मिटले. सॅम्युअलभाऊंनीही मिटले. मी मात्र उघडेच ठेवले, म्हणून बबनरावांनीही डोळे मिटलेले मला दिसले.

थोड्या वेळाने नर्सने पुन्हा पट्टा बांधला. आकडा पाहिला. परत एकदा पाहिला. "अहो, हे तर नॉर्मल आहे!"

बबनरावांनी दंड पुढे केला आणि ओरडले, "मंग पाहून काय राह्यली, बाई? घे लवकर, पुन्हा चढन!"