दगडावर स्टेला

शेजारची स्टेला गेल्याचं तिच्या लेकीनं, अ‍ॅनानं, कुंपणापलीकडूनच सांगितलं. मी कपडे वाळत घालत होते. ती हॉस्पिटलातून सरळ आईच्या घरी आली होती, गाडीची किल्ली अजून हातात होती. "आँटी, आई गेली," एवढंच म्हणाली. मी ओला टॉवेल दोरीवर टाकला आणि कुंपणावरून तिचा हात धरला.

मुलानं मला परदेशी, डँडेनॉन्गला आणलं तेव्हा शेजारची ही उंच, पांढऱ्या केसांची बाई अंगणात पत्र्यावर लाल ढब्बू मिरच्या भाजत होती. आपण वांगी भाजतो तशाच. धुरानं माझे कपडे काळे होतील म्हणून तिनं ते स्वतःच दोरीवरून काढून दिले, आणि एक मिरची सोलून माझ्या हातावर ठेवली. मी फारशी बोलत नाही. तिला ते चाललं. तिचं इंग्रजी बिस्किटांच्या कारखान्यात शिकलेलं, माझं नातवाच्या कार्टूनवर. आमचं भागायचं.

एकदा मिरच्या सोलताना तिनं सांगितलं की स्टेला हे तिचं खरं नाव नव्हेच. खरं नाव स्टांका. सर्बियातल्या तिच्या खेड्यात मुलींवर मुली झाल्या की हे नाव ठेवायचे. थांब, आता पुरे, असा त्याचा अर्थ. ती चौथी. कारखान्यातल्या फोरमनला स्टांका जमेना, त्यानं स्टेला केलं. स्टेला म्हणजे तारा, हे कळलं त्या दिवशी तिनं केक करून कारखान्यात सगळ्यांना वाटला होता. मग मीही माझं सांगितलं. आमच्या साताऱ्याकडे नको असताना झालेल्या मुलीला नकुसा म्हणत. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनीता लिहिलं, तेव्हा ते सुटलं. हे माझ्या सुनेलाही ठाऊक नाही. स्टेलानं हातातली मिरची सोलून संपवली. मग म्हणाली, "तुझं नवऱ्यानं बदललं, माझं फोरमननं. माझा फोरमन बरा. त्याला रांधून घालावं लागलं नाही."

अ‍ॅनाला मुलगी झाली तेव्हा आईला खूश करायला तिनं तिचं नाव स्टाना ठेवलं. त्याच नावाचं छोटं रूप. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते आता नवं, छान वाटतं म्हणे. इंटरनेटवर अर्थ सापडला होता, ठाम उभी राहणारी. स्टेलानं लेकीला मिठी मारली, पण नातीला त्या नावानं कधी हाक मारली नाही. तिच्या भाषेत सोनं म्हणायची. शेवटच्या आजारात मला म्हणाली, "माझ्या कबरीच्या दगडावर ते जुनं नाव नको. तू सांग अ‍ॅनाला. मला नाही सांगवत, तिच्या पोरीचं नाव आहे ते."

दफन झाल्यावर कबरीचा दगड सांगायचा होता. अ‍ॅनानं मला चहाला बोलावलं आणि फोनवर चित्र दाखवलं. त्यावर स्टांका होतं. मी म्हणाले, स्टेला लिही, तिला तेच हवं होतं. ते तर कारखान्यानं दिलेलं, अ‍ॅना म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "आँटी, तिला आमच्या लोकांची लाज वाटायची का?"

नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. आई गेल्यावर लेकीनं हा सल जन्मभर बाळगायचा... पोर गालिच्यावर चमचे वाजवत बसली होती. मी आधी माझं नाव सांगितलं, त्याचा अर्थ सांगितला. मग तिच्या आईचं. अ‍ॅना रडली नाही. पोरीकडे बघत राहिली. "मी हिला काय नाव दिलं," एवढंच पुटपुटली.

दगडावर स्टेला कोरायला दिलं आहे. पोरीचं नाव कागदोपत्री तेच आहे, पण त्या दिवसापासून अ‍ॅना तिला नावानं हाक मारत नाही. बेबी म्हणते, डार्लिंग म्हणते. अ‍ॅना कामावर जाते तेव्हा पोर माझ्याकडे असते, मागच्या अंगणात मातीत खेळते. कुंपणापलीकडे स्टेलाचं घर बंद आहे, पडदे ओढलेले. जेवायची वेळ झाली की मी दारात उभी राहते. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. तरी हाक मारते, त्या बंद घरात ऐकू जाईल अशी. "स्टाना, ये. ये, बाळा."

हात झटकत ती धावत येते.