पावणेदोन हात, वर चार बोटं

माझ्या मामीला मी पुसून टाकलं. व्हॉट्सॲपवरून, एका मेसेजनं.

आज दत्तूमामांचा दहावा होता. कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही, म्हणून लिहितेय.

मामा गवंडी. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात अर्धी घरं त्यांच्या हातची. दगडामातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद.

त्र्याण्णवच्या भूकंपात एकही उभं राहिलं नाही. मामांचं स्वतःचंही नाही.
शेवंतामामी आतच गेली.

मी तेव्हा दोन वर्षांची. मला तिचा चेहरा आठवत नाही. लग्नातला एकच फोटो होता, तोही ढिगाऱ्यात गेला.

"माझ्याच हातची भित व्हती ती," मामा एवढंच म्हणायचे. पुन्हा दगडाला हात लावला नाही. लोहाऱ्याच्या स्टँडवर केळीचा गाडा लावला, तो शेवटपर्यंत.

पुनर्वसनात दोन खोल्यांचा सिमेंटचा डबा मिळाला. मागच्या खोलीच्या भिंतीवर मामांनी चुलीतल्या कोळशानं जुनं घर काढलं. आतून जसं होतं तसं. खऱ्या मापाचं.

दिव्याची देवळी. मडक्यांची उतरंड. खुंटीवर मामीचं लुगडं.
आणि खाली उजवीकडं, तेल चोळून केलेला एक डाग.

"हे काय ओ मामा?"

"तुझ्या मामीच्या डोस्क्याचं तेल. भाकरी झाल्या की तितं टेकून बसायची. म्या वरडायचो, माझी भित घाण करती म्हणून."

रोज जेवण झालं की मामा त्या डागाशेजारी टेकून बसायचे. रेघ पुसट झाली की पुन्हा गिरवायचे. तीस वर्षं. लोक म्हणायचे, म्हातारं येडं झालंय.

आता माझं ऐका.

मी पुण्यात इंटिरियर डिझायनर. लोकांना फार्महाउसमध्ये "गावाकडचा फील" लागतो, तो मी देते. मामांच्या भिंतीवरच्या देवळीचा फोटो काढला आणि तशीच देवळी एका क्लायंटच्या हॉलमध्ये पीओपीची करून दिली. फोटो तेवढाच काढला. देवळीचा. बाकी भिंत माझ्या कामाची नव्हती ना!

मामांना दाखवलं. "झ्याक हाय की. आत दिवा कोण लावतंय?"

कोणी लावत नाही मामा. आत एलईडी आहे.

दोन वर्षांपूर्वी स्वतःहून म्हणाले, "पोरी, तू घराचीच कामं करतीस नव्हं? मग ही भित मापानं कागदावर घी. म्या गेल्यावर कोण गिरवनार?"

"दिवाळीत येते. टेप, कॅमेरा, सगळं घेऊन."

"टेप कशाला? डाग भुईपासनं पावणेदोन हात, वर चार बोटं." कोपर जमिनीला टेकवून त्यांनी हात भिंतीला लावून दाखवला.

"हात नाही चालत मामा. सेंटिमीटर लागतात."

"शेंटीमीटरला तुझी मामी कुटं ठावं हाय?"

मी हसले होते.

त्या दिवाळीत साइट होती. पुढच्या दिवाळीतही साइट होती.

मामा गाड्याशेजारी बसल्या बसल्या गेले. तिसरा उरकून मी पुण्याला परतले. आमच्यात दहाव्याच्या आत घर धुऊन रंगवतात. मावसभाऊ बाळूचा मेसेज आला, "ताई, कलर कुठला सांगू?"

मी टाइल्सच्या दुकानात होते. "व्हाइट. दोन कोट. सगळीकडं."

भिंत आठवलीच नाही. देवाशपथ, आठवली नाही. मामांसाठी सकाळी रडले होते आणि भिंत आठवली नाही.

आज पहाटे पोचले. मागच्या खोलीत गेले.
पांढरं. ट्यूबचा उजेड आणि रंगाचा वास.

बाळू म्हणाला, "पेंटरनं दोनदा इचारलं, म्हातारबाचं चित्र ठिवायचं का म्हणून. म्या म्हणलं, ताईनं सगळीकडं सांगितलंय. त्यातलं तिलाच कळतं."

नखानं खरवडून बघितलं. आधी पॉलिश पेपर मारला होता, मग पुट्टी. खाली काहीच नाही.

मग नदीवर गेलो. पिंडाला कावळा शिवेना.

एकेक जण हात जोडून बोलला. गाडा चालू ठेवू. वर्षश्राद्ध नीट करू. कावळा झाडावरच.

बाळू म्हणाला, "ताई, तू बोल. तुझ्यावर लई जीव व्हता त्यांचा."

मला ठाऊक होतं कशात जीव अडकलाय ते. पुढं झाले. "मामा, भिंत कागदावर घेते," एवढं खोटं बोलायला हात जोडले, आणि ते तसेच सोडून मागं झाले.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. सगळे आंघोळीला गेले.

आत्ता मागच्या खोलीत बसलेय. भुईपासून मोजलं. पावणेदोन हात, वर चार बोटं. तिथं डोकं टेकवलं.

पण हात माझा. मामांचा लांब होता.
किती लांब, ते मोजायचं राहून गेलं.

मामा, या आता. मामीचाही निरोप आजच घेते. तिला ठेवायला माझ्याकडं जागा उरली नाही.