खिळ्यांचा डबा

रांजणगावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये मी बारा वर्षं ताटं विसळली. सोडलं त्या दिवशी गेटवर कार्ड परत देताना मनाशी म्हटलं, बाई, आता या गेटातून आत यायचं ते टेम्पोत बसून, आपला स्वतःचा माल घेऊन.

आणि आले की! न्हावऱ्याच्या रस्त्याला आमच्या रानाच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं. कंपनीत माल ठेवायला लाकडी चौकटी असतात, पॅलेट म्हणतात त्यांना. त्या मोडल्या की आम्ही उचलून आणायच्या, मोडकी फळी काढायची, दुसऱ्या मोडक्या पॅलेटची धड फळी तिथं ठोकायची आणि त्याच कंपनीला परत द्यायच्या. मी आणि गावातल्या चार बाया. खिळेसुद्धा उपटायचो, दगडावर ठेवून सरळ करायचो आणि परत वापरायचो. सरळ केलेले खिळे तेलाच्या एका रिकाम्या डब्यात टाकायचो. तो डबा रोज भरायचा आणि रोज रिकामा व्हायचा.

सगळं बरं चाललेलं असताना कंपनीच्या खरेदीच्या साहेबांनी बोलावून घेतलं. "ताई, आता असा डायरेक्ट माल घेता येणार नाही. वरून ऑर्डर आहे. एक पोर्टल आहे. पर्यावरण सांभाळून काम करणारे आणि कंपन्या, यांची तिथं गाठ घालून देतात. तुमच्या नावापुढं हिरवं पान आलं पाहिजे."

"साहेब, मी इथं शेजारीच हाय. आपली गाठ कवाच पडलीय की."

"पोर्टलवर पडली पाहिजे."

"आन् पान न्हाई आलं तर?"

"तर दुसरा कुणीतरी बघावा लागेल."

आमचं गिऱ्हाईक ही एकच कंपनी. पान नाही तर ऑर्डर नाही, ऑर्डर नाही तर शेड बंद. आणि शेड बंद म्हणजे मी पुन्हा कँटीनच्या मोरीपाशी.

मुकाट्यानं मोबाईल घेऊन बसले. पोर्टलवर मराठी निवडायची सोय होती, पण ती मराठी कुठल्या गावची होती देव जाणे. 'आपल्या उपाययोजनेचा प्रभाव-प्रवास विशद करा.' मी लिहिलं, 'मोडलेलं नीट करून देतो.' लगेच लाल अक्षरं आली, किमान शंभर शब्द हवेत. मग तेच वाक्य खाली खाली लिहीत गेले, शंभर भरेपर्यंत. पोर्टल म्हणालं, 'अभिनंदन! आपली कथा प्रेरणादायी आहे.'

मग स्थळं यायला लागली. समुद्रकाठच्या एका हॉटेलला पोहण्याचा तलाव औषधाशिवाय साफ करून हवा होता. कुठल्याशा सिमेंट कारखान्याला पवनचक्की पाहिजे होती. प्रत्येक वेळी पोर्टल सांगायचं की आपलं उत्तम जुळतंय. फक्त शेजारची आमची कंपनी काही केल्या जुळेना. मुडदा बशिवला त्या पोर्टलचा!

शेवटी निरोप आला, पडताळणीला पुण्याहून एक मॅडम येणार. इथं आमच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, सूत्रं हातात घेतली. आप्पा दोनदा ग्रामपंचायतीत निवडून आलेले. पाहुणा म्हटला की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी शेडभर नजर फिरवली आणि म्हणाले, "पुण्याचं पाव्हणं यायचं आन् तुम्ही त्येंला भंगार दावनार व्हय? गावात इज्जत हाय आपली!"

खरं सांगते, मलाही लाज वाटली. त्या ढिगाकडं मी पहिल्यांदाच परक्याच्या नजरेनं बघितलं आणि ते सगळं भिकारी दिसायला लागलं.

मग काय विचारता! शिरूरच्या वखारीतून नव्या फळ्या आल्या, पुडीबंद नवे खिळे आले. मोडक्या पॅलेटवर निवडणुकीतला जुना फ्लेक्स टाकून ढीग झाकला. डबा मी स्वतःच्या हातानं शेडमागं नेऊन पोत्याखाली ठेवला. भुसा, ढलप्या झाडून सकाळीच पेटवून दिल्या. रस्त्यावर नवा फ्लेक्स लागला, 'पर्यावरणप्रेमी मॅडमचे सहर्ष स्वागत', त्यावर मधोमध आप्पा, भोवतीनं आठ पुतणे आणि कोपऱ्यात एक झाड. पाण्याच्या छोट्या बाटल्यांचं खोकं, थर्माकोलच्या प्लेटी, चकचकीत प्लॅस्टिकात गुंडाळलेला गुच्छ. काही कमी नव्हतं.

मॅडम एसटीनं आल्या. फाट्यापासून चालत, खांद्याला कापडी पिशवी, हातात स्वतःची स्टीलची बाटली. आप्पांनी शाल, नारळ, गुच्छ दिला. मॅडम धुराकडं बघत म्हणाल्या, "हे काय जळतंय?"

"कचरा, मॅडम. स्वच्छता!"

"आणि जुनं लाकूड, जुने खिळे कुठं आहेत?"

आप्पा फेटा सावरत म्हणाले, "जुनं आमच्याकडं काय सुदीक न्हाई! समदं नवं कोरं!"

आमच्या बायांतली एक, माझ्या भल्यासाठी, पुढं होऊन म्हणाली, "व्हय, एक वाकडा खिळा घावायचा न्हाई." मॅडमनी मोबाईलवर नव्या फळ्यांचे फोटो काढले.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. पण सगळा गाव जमलेला, आप्पा फेटा बांधून उभे. पाहुण्यांसमोर सासऱ्याला खोटं पाडायचं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही. मॅडम निघाल्यावर मात्र मी फाट्यापर्यंत पळत गेले, धापा टाकत सगळं सांगितलं, डबा दाखवते म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाल्या, "फोटो चढवून झालेत हो. ॲपमध्ये मागं जाता येत नाही."

चार दिवसांनी निकाल आला. 'पुनर्वापराचा पुरावा आढळला नाही.' पान पुण्याच्या एका व्यापाऱ्याला मिळालं, ऑर्डरही त्यालाच. आठवड्यात त्याचाच फोन, "तुम्ही जुने पॅलेट दुरुस्त करता ना? करून द्या. पुण्याला आणू नका, थेट कंपनीत उतरवा. पानं मी पाठवतो."

पानं कुरिअरनं आली. हिरवी स्टिकरं, फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकात तीन वेढे गुंडाळलेली. आमच्या पॅलेटवर माझ्याच हातांनी मी ती चिकटवली. शेड वाचलं, चार बायांचं काम वाचलं. मी हसले, पण असा राग आला होता की विचारू नका.

पहिल्या खेपेला आप्पाही टेम्पोत माझ्याशेजारी बसले होते. गेटवरच्या बिहारी वॉचमननं वही उघडली. "किसका माल है, मौसी?"

कार्ड परत देताना याच गेटावर मनाशी बोललेलं आठवलं. मग त्या पुण्याच्या व्यापाऱ्याचं नाव सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं. आप्पा समोरच्या काचेतून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर गेले तर रस्त्यावरचा फ्लेक्स काढलेला. खिळ्यांचा डबा शेडच्या अगदी तोंडाशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवलेला. शेजारी आप्पा, दगडावर खिळा धरून हातोडीनं सरळ करताहेत, फेट्याशिवाय. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी गाडी थांबवून विचारलं, "आप्पा, ह्ये काय मांडलंय भंगार?"

आप्पांनी मान वर केली नाही. म्हणाले, "समदं जुनं हाय. आमची सून नीट करून देती."