मृणालिनीबाईंच्या तीन उशा

खांबेट्यांच्या घरात हृदयविकार आला तो चारुदत्तरावांच्या नावावर. आणि एका घरात एकाच माणसाने पेशंट व्हायचं असतं, असा मृणालिनीबाईंचा पक्का समज होता. २०१५ साली नवऱ्याच्या हार्ट फेल्युअरचं निदान झालं. त्या दिवसापासून नॉर्थ यॉर्कमधल्या अकराव्या मजल्यावरच्या अपार्टमेंटचा सगळा कारभार बाईंनी असा काही हातात घेतला की मुख्याध्यापिकेने मान खाली घालावी. सकाळी उठल्याबरोबर त्यांचं वजन, मग गोळ्या, मग घोट्यावर बोट दाबून सूज आहे का ते बघणं. भाजी दोन पातेल्यांत. त्यांची अळणी, स्वतःची नेहमीसारखी, वर लोणचं आणि पापड. मीठ वर्ज्य होतं ते नवऱ्याला. आपल्याला काय धाड भरली आहे?

धाड भरलेली होती. २०१७च्या हिवाळ्यात कचरा टाकायला कॉरिडॉरच्या टोकाला जायचं म्हटलं तरी बाईंना मध्येच भिंतीला हात लावून उभं राहावं लागे. संध्याकाळी मोजे काढले की पायावर खोल वळ. फॅमिली डॉक्टर म्हणाले, वय सत्तर, वजन थोडं जास्त, त्यात नवऱ्याच्या आजारपणाचं टेन्शन; रोज चालायला जा. बाईंना ते तंतोतंत पटलं. आळस वाढलाय मेला, असं म्हणून त्यांनी स्वतःलाच दटावलं. मनात मात्र भीती बसली होती. आपण अंथरूण धरलं तर यांचं कोण बघणार?

हार्ट क्लिनिकची फेरी दर तीन महिन्यांनी असे आणि तिथली रीत ठरून गेली होती. ग्रेस नावाच्या नर्सने प्रश्न विचारायचा चारुदत्तरावांना, आणि उत्तर द्यायचं मृणालिनीबाईंनी. जन्मभर पुलांची गणितं केलेला हा इंजिनिअर तिथे गृहपाठ विसरलेल्या मुलासारखा गप्प बसे.

“रात्री किती उशा लागतात?” ग्रेसने त्यांना विचारलं.

“एक,” बाई म्हणाल्या. “एकीवर ढाराढूर झोपतात. तीन लागतात त्या मला.”

“दम लागून मध्येच जाग येते का?”

“छे हो! मी खुर्चीत बसलेली असते ना, मला दिसतं. मस्त घोरत असतात.”

ग्रेसचं पेन थांबलं. “तुम्ही खुर्चीत का बसता?”

आता आली का पंचाईत! “आडवं झालं की श्वास पुरत नाही,” बाई ओशाळून म्हणाल्या. “पण ते माझं झालं. तुम्ही यांचं लिहा.”

ग्रेसने काहीच लिहिलं नाही. वाकून तिने बाईंच्या पायावर बोट दाबलं, उमटलेला खळगा बघितला आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं, “यांचं हृदय जोर लावून आवळत नाही. तुमचं आवळतं छान, पण नंतर सैल पडत नाही, म्हणून नीट भरत नाही. या प्रकारात बायका जास्त सापडतात. पंपिंगचा आकडा चांगला दिसतो, त्यामुळे निदान राहून जातं.”

“हिचा अठ्ठावन्न आणि माझा तीस,” चारुदत्तराव जरा दुखावलेच. “मग ही तर पास झाली की!”

“पास होऊनही आजारी पडता येतं,” डॉक्टर म्हणाल्या.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर बाईंना रडू फुटलं. ते भीतीचं नव्हतं. आपण आळशी नव्हतो, याचंच त्यांना मोठं सुख झालं होतं.

अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळीने दहा दिवसांत तीन किलो वजन उतरलं आणि बाई आडव्या होऊन झोपू लागल्या. भाजी एकाच पातेल्यात शिजायला लागली. लोणच्याची बरणी शेजारच्या प्रमिलाताईंकडे गेली. आता चारुदत्तरावांना काम मिळालं. त्यांनी बायकोच्या ब्लड प्रेशरचा एक्सेलमध्ये तक्ताच मांडला. सोबत दिलेल्या प्रेशरच्या गोळीचा डोस वाढत गेला तसे ते खूश. “मी पूर्ण डोस घेतो, मग तू का मागे राहायचं?” पण सकाळी उठताना बाईंना गरगरायला लागलं. बेसिन धरून उभ्या राहायच्या. बोलल्या मात्र कोणाला नाहीत. लोकांनी आपल्यासाठी एवढं केलं, वर तक्रार कुठे करायची?

वसंतात त्यांची स्वतःची, पहिलीच स्वतंत्र अपॉइंटमेंट होती. ग्रेसने पुकारलं, “मिसेस खांबेटे?” चारुदत्तराव तक्त्याचे कागद सावरत उठले. “चल, मी सांगतो सगळं व्यवस्थित.”

“तुम्ही बसा हो,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

“कशा आहात?” डॉक्टरांनी विचारलं.

“बरे आहेत ते,” बाई सवयीने म्हणाल्या.

“मी तुम्हाला विचारलं.”

बाईंनी मांडीवरची पर्स खाली ठेवली. मग चक्कर सांगितली, बेसिन सांगितलं, आणि सांगता सांगता मागचं वर्षभराचंही आठवत गेलं. डॉक्टरांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. गोळी निम्मी करत म्हणाल्या, “बायकांना पुष्कळदा कमी डोस पुरतो, हे आमच्याही आता लक्षात यायला लागलंय. चक्कर येते हे आधीच सांगायचं होतंत.”

बाहेर चारुदत्तराव घड्याळ बघून बघून थकले. पंधरा मिनिटांची अपॉइंटमेंट चाळीस मिनिटं चालली. अखेर दार उघडलं आणि बाई हसत बाहेर आल्या.

“एवढं काय म्हणत होत्या डॉक्टर?”

“त्या कुठे काय म्हणत होत्या?” मृणालिनीबाई कोट चढवत म्हणाल्या. “मीच बोलत होते.”