पिकपचं नवं नाक

मोटारीतलं मला कळतं, हे मी आजवर छातीठोकपणे सांगत आले. शाळा चौथीत सुटली, पण कार्बोरेटर मी स्वतः उघडलाय आणि स्वतः बंद केलाय. शेवटी दोन स्क्रू उरले होते, ते कुठले हे कुणाला कधी कळलं नाही. गाडी चालली, विषय संपला. तेव्हा आता जो घोळ सांगते आहे, त्यावर मधेमधे हसू नका. सगळं झाल्यावर एकदाच हसा. चहा घ्या आणि ऐका.

आमच्याकडे पेट्रोलवरची एक जुनी पिकप होती. भिवापूरकडची वाळली मिरची भरायची आणि नागपूरला इतवारीत आणून टाकायची, हा धंदा. नागपूरचा कळमन्याचा नवा बाजार तेव्हा सुरू व्हायचा होता. गाडी हे चालवायचे. मी बाजूला बसायचे, भाडं ठरवायला, व्यापाऱ्यांशी भांडायला आणि ह्यांच्यावर नजर ठेवायला. त्या बसण्यातच मी गाडी शिकले. ह्यांचे पाय बघायचे, हात बघायचे. लायसन काढायला गेले तेव्हा साहेबानं विचारलं, कुणी शिकवलं? म्हटलं, शिकवायचं काय त्यात, मी बघितलं.

उमरेड सोडलं की नागपूरकडे येताना एक चढ लागायचा. त्याच्या पायथ्याशी हे न चुकता दुसरा गिअर टाकायचे. गाडी कण्हत कण्हत वर जायची आणि वर पोचली की हे तिला उभी करायचे, बॉनेट उघडून त्याच्या आड वाकायचे. म्हणायचे, "दम लागला वं तिले. निवू दे जराशी." मी गाडी चालवायला लागले तेव्हा मीही तिथं दुसराच टाकायचे. जे बघितलं, तेच शिकले ना?

मग ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. झालं, नामदेवभाऊजींना सुचलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, गाडीत अर्धा वाटा त्यांचा. दारातूनच सुरू झाले.

"वहिनी, मी म्हणतो विकून टाकू गाडी. बाई माणूस मिरचीची खेप मारीन, हे बरं दिसते का? अन् गाडी कशी, तं दमेकरी."

"दमेकरी काहून म्हणता?"

"चढ चढत नाही ते दमेकरीच. इतवारीतले मोहनसेठ घ्याले तयार आहेत."

गाडी गेली की माझी जागा चुलीपुढं, हे मला दिसत होतं. मी तिथल्या तिथं बोलले, "भाऊजी, मोहनसेठलेही बोलवा. भरली गाडी त्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये नेऊन दाखवते. गेली तं गाडी घरी राहीन अन् मीच चालवीन. नाही गेली तं किल्ली तुमची."

"कबूल," भाऊजी म्हणाले.

आतून खाटेवरून ह्यांचा आवाज आला, "कायले पैज लावते वं? नाही चढत ती." आणि भिंतीकडे तोंड करून झोपून गेले. आजारी माणूस, मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले मोटारीच्या सामानाच्या दुकानात. दुकानदार मोठा गोड. म्हणाला, "बहनजी, आपकी गाडी की नाक बंद है. जास्त हवा दो, जास्त ताकद लो." आणि भोपळ्याएवढा एक फिल्टर अन् मनगटापेक्षा जाड रबरी नळी त्यानं माझ्यासमोर मांडली. आमच्या गाडीचा मूळचा फिल्टर म्हणजे तेल भरलेली एक डबी. मला एकदम पटलं. एवढ्याशा नाकानं बिचारी श्वास घेणार कशी?

इथवर चूक दुकानदाराची धरा. पुढचं डोकं माझं.

नळीचं तोंड कुठं ठेवायचं? नळी जोडणारा मिस्त्री म्हणाला, बॉनेटच्या आत. मी म्हटलं, बाहेर धूळ किती. स्वच्छ हवा असते कुठं? केबिनमध्ये, जिथं आपण बसतो. पेडलच्या वरच्या पत्र्याला मी स्वतः छिन्नीनं भोक पाडलं आणि नळीचं तोंड आत घेतलं. ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आतली हवा गाडीनं घेतली तं आपण काय घ्यायचं?" म्हटलं, तुम्ही आराम करा.

पैजेच्या दिवशी भिवापूरला मिरचीची पोती रचली, वरून पांढरी ताडपत्री बांधली आणि निघालो. स्टिअरिंगवर मी, मध्ये भाऊजी, खिडकीशी मोहनसेठ. गाडीची मागची काच कधीचीच फुटलेली, तिथं मी गोणपाटाचं बारदान ठोकलं होतं. समोर एक ट्रक धुरळा उडवत चाललेला. मी हुकूम सोडला, "काचा वर घ्या. माह्या फिल्टरमध्ये धूळ नाही गेली पाहिजे."

काचा वर गेल्या. आणि तुमच्या लक्षात आलंच असेल, इंजिनाला हवा तर हवीच होती. ती आता मागून येणार. बारदानातून. पोत्यांवरून.

माझ्या मात्र लक्षात आलं नाही.

आधी भाऊजी खोकले. "वहिनी, घशात कायतरी खवखवून राहिलं."

"बिड्या कमी करा."

मग मोहनसेठ शिंकले, अन् शिंकतच राहिले. डोळ्यांतून धारा. दोघं एकाच वेळी कसे आजारी पडले? मी ओळखलं. चढ जवळ आला होता आणि ह्या दोघांना मला मधेच थांबवायचं होतं.

"वहिनी, थांबवा गाडी. जीव चालला माहा."

"नाटकं करू नका, भाऊजी." आणि मी अॅक्सिलरेटर दाबला. जितका दाबावा तितकं इंजिन जोरात ओढणार, जितकं ओढणार तितकी मिरची पुढं येणार. हे मला आज कळतंय. तेव्हा एवढंच कळलं की माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहतंय.

मी घाबरले. मी रडतेय? ज्या बाईनं सासूच्या तोंडावर उत्तरं दिली, ती एका गाडीसाठी दिरासमोर रडते? मला स्वतःचा इतका संताप आला की मी ओठ आवळून आणखी जोरात हाणली. नाक वाहत होतं, पदर पुरत नव्हता.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. हुंदके देत म्हणाले, "वहिनी, एवढं लागलं मनाले? रडू नका. नाही विकत मी गाडी."

"मी रडत नाही."

"दिसून राहिलं ना मले."

"तुम्ही काहून रडता मंग?"

"माहीत नाही वं माय," भाऊजी म्हणाले आणि ढसाढसा रडले. वहिनीला माय म्हणाले, बघा.

तिकडे मोहनसेठनी धोतराच्या सोग्यात तोंड खुपसलेलं. आतूनच बोलले, "बाई, रडत्या बाईची गाडी घेऊन मले नरकात नाही जायचं. मले उतरवा फक्त."

सांगा, पैज इथंच संपली होती ना? गाडी घरीच राहणार होती. पण रडून मिळवलेली गाडी? मी? "उतरायचं नाही," मी म्हटलं. "माही गाडी तिसऱ्यात चढते, हे पाहूनच जायचं." समोरचा रस्ता पाण्याखालून दिसावा तसा दिसत होता. पण हात गिअरवर होता आणि गिअर तिसरा होता. गेली हो, सरळ वर गेली. कण्हणं नाही, कुंथणं नाही. वरही थांबले नाही, त्याच जोशात पुढच्या फाट्यापर्यंत नेली.

फाट्यावर लोक एस्टीची वाट बघत होते. गाडीतून तीन माणसं रडत उतरली, मागं पांढऱ्या ताडपत्रीखाली काहीतरी लांबट झाकलेलं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. एका बाईनं मला जवळ घेतलं, "कोण गेलं वं बाई?" मला ठसक्यातून शब्द फुटेना, मी नुसतं गाडीकडे बोट दाखवलं. तिनंही गळा काढला. भाऊजी मागं गेले, बारदानाला हात लावला, बोटं लाल झाली. मग खाली वाकून त्यांनी नळीच्या तोंडात बघितलं. तेही लाल. माझ्याकडे वळून ती लाल बोटं दाखवली. बोलायला घसा कुठं होता?

गाडी घरी राहिली. नळी मी दुसऱ्या दिवशी काढली, जुनी तेलाची डबी बसवली. पण मी अर्धवट काम करणारी नाही. नव्या नाकानं ताकद वाढली हे तर मी सिद्ध केलं होतं, आता जुन्या नाकानं गाडी त्या चढावर अडकते हेही पक्कं करायचं होतं. म्हणजे दुकानदाराला जाऊन सांगता येईल, नळी कामाची आहे, फक्त बॉनेटच्या आत ठेवा. पुढच्या खेपेला तेवढीच पोती भरली, एकटीच निघाले, पायथ्याशी आले, तिसराच ठेवला.

चढली. जुन्या डबीवर, तशीच, तेवढीच.

वर गाडी उभी केली. हे नेहमी उभी करायचे, तिथंच. डोकं चालेना. बॉनेट उघडलं आणि आत वाकून बघत राहिले की हिला झालंय तरी काय. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरून कुणीतरी लगबगीनं आलं. उघड्या बॉनेटच्या बाजूनं एक हात पुढं आला, त्यात तंबाखूचं पान, आणि दबका आवाज आला, "घ्या गा भाऊ, लवकर. किती दिवसांनी आले. बाई बसली आहे ना केबिनमध्ये?"

"नाही," मी म्हटलं. "बाई इथं आहे."

पान माझ्या हातात ठेवून तो जो पळाला, तो ठेला उघडा टाकून.

घरी आले. पान ह्यांच्या उशाशी ठेवलं. ह्यांनी ते उचलून उशीखाली सरकवलं. मग विचारलं, "चढली का तिसऱ्यात?"

"चढली. पहिल्यापासून चढत होती का?"

"हो."

"मंग दुसरा काहून टाकायचे? सांगता येत नव्हतं का मले?"

"सांगितलं असतं तं थांबू देलं असतं का तू?"

खोटं कशाला बोलू, तंबाखूसाठी नसतं दिलं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करत होते? गाडीची छाती धडधाकट होती. माझ्या भीतीनं ती बिचारी इतकी वर्षं धापा टाकायचं सोंग करत होती, आणि मी तिला नवं नाक विकत घेऊन दिलं.