विसिल माझें, हात तुझा

बाकीचे लोक जानव्याला कपाटाची किल्ली बांधतात, माझे मामा शिट्टी बांधत. काळी, प्लास्टिकची, पंचांची शिट्टी. कावेरीत अंघोळीला उतरले तरी ती छातीवर असायची. श्राद्धाला सव्य-अपसव्य करताना जानव्याबरोबर तीही या खांद्यावरून त्या खांद्यावर जायची. एकदा भटजींनी हटकलं, तर म्हणाले, "देवाचें तें सूत, धर्माचें हें विसिल. दोन्ही एके ठायीं असूं द्या." तमिळमध्ये शिट्टीला विसिलच म्हणतात, त्यामुळे सगळं कुंभकोणम त्यांना विसिल मामा म्हणायचं. खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक असेल.

हे मी हसत सांगते खरं, पण मामांचा विषय निघाला की माझी मान आपोआप खाली जाते. शेवटच्या काळात त्यांच्या जानव्याला शिट्टी नव्हती, आणि ती माझ्यामुळे नव्हती. मामांबद्दल दुसरं काहीही लिहिलं आणि हे लिहिलं नाही, तर तीही लबाडीच होईल.

आम्ही तंजावरी मराठी. तंजावरला मराठी राजे होते तेव्हा आमचे कोणी पूर्वज खाली आले, ते कायमचेच. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. मामा नगरपालिकेच्या पाणी खात्यात कारकून होते, पण त्यांचा खरा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. आमच्याकडे बऱ्याच शाळांच्या मागे बास्केटबॉलचं मैदान असतं. मेलकावेरीतल्या आमच्या घराजवळच्या मैदानावर मामा रोज पंच म्हणून उभे राहत. पार सुंदरपेरुमाळ कोयिल गावाहून मुलं-मुली गाडीने खेळायला येत, कारण विसिल मामांचा निकाल म्हणजे निकाल.

पूर्वी या खेळात फाउल करणाऱ्याने आपण होऊन हात वर करायचा अशी रीत होती. जगाने ती केव्हाच सोडली, मामांनी सोडली नाही. शिट्टी वाजली की ते कोणाकडेही बोट न दाखवता गप्प उभे राहत. म्हणत, "विसिल माझें, हात तुझा." ज्याचं चुकलं त्याने हात वर करायचा. तो वर गेला की मामा म्हणत, "सरि, खाली घे," आणि त्या सरिवर, म्हणजे ‘ठीक आहे’वर, तो विषय तिथे संपायचा. मग त्या चुकीबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. ही रीत आमच्या घरातही शिरली होती. रसमात मीठ जास्त पडलं की आई पळी धरलेला हातच वर करायची. वडिलांना मात्र हे जमायचं नाही. त्यांचं मीठ कधी जास्त पडतच नसे, कारण ते स्वयंपाकघरात जातच नसत.

मी दहावीत असताना शाळांची अंतिम लढत त्याच मैदानावर झाली. शेवटच्या क्षणी मी चेंडू घेऊन धावले, उडी मारली आणि बास्केट केली. आम्ही जिंकलो होतो. पण उडीच्या आधीच मामांची शिट्टी वाजली होती. त्यांची शिट्टी कुठेही ओळखू यायची, एक आखूड आणि एक लांब. चेंडू हातात धरून दोन पावलांची मुभा असते, मी तिसरं टाकलं होतं. मी हात वर करेना. माझी आई प्रेक्षकांत होती, तीही मामांकडे डोळे वटारून बघत होती. मामा शिट्टी तोंडात धरून उभेच. सगळं मैदान खोळंबलं. शेवटी मी रडत, संतापाने, हात वर केला. "सरि, खाली घे," मामा म्हणाले आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॉफीचा डबरा, म्हणजे पेल्याखालची पसरट पितळी वाटी, घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. "निकाल बदलत नाहीं. कॉफी निवते. पी." मी प्यायले, पण महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. सख्ख्या भाचीचं एवढंसं पाऊलही नजरेआड न करणारा माणूस मला तेव्हा दगड वाटला.

पुढे मी शिकून मुंबईला आले आणि खेळाचे मोठे कार्यक्रम भरवणाऱ्या एका कंपनीत लागले. पहिलं काम केलं ते घरची मराठी गुंडाळून ठेवण्याचं. मी एकदा उद्या येते म्हणायला "उदईक येतें" म्हणाले होते, तर सगळं ऑफिस हसलं होतं. मग मी इथल्या मुलींसारखं बोलायला शिकले, इतकं की फोनवर मामांशी बोलताना दार लावून घ्यायची.

त्यातच ती बातमी आली. अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या व्यावसायिक लीगचे दोन संघ आपल्याकडे येऊन खरा सामना खेळणार होते, आणि भरवण्याच्या कामात आमची कंपनी होती. आम्हाला वाटलं होतं, खेळाडू येतील, खेळतील, जातील. छे! आख्खं लाकडी मैदान जहाजातून आलं, फळ्या सुट्या करून, प्रत्येक फळीच्या पाठीवर नंबर. बास्केटचे खांब आले, घड्याळं आली, घाम पुसायची फडकीसुद्धा आली. त्या मैदानाची देखभाल माझ्याकडे होती. आमचं सभागृह या खेळासाठी बांधलेलंच नव्हतं. एका कोपऱ्यात एसीचं पाणी ठिबकायचं आणि मी जपमाळ ओढल्यासारखी दिवसभर तो कोपरा पुसून घ्यायची. साहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं, "पाहुण्यांचा पास ज्याने दिला, जबाबदारी त्याची. पाहुण्याने काही गोंधळ घातला तर तुमचं कार्ड तिथल्या तिथे काढून घेतलं जाईल."

मी मामांना फोन केला. त्यांनी कुठले संघ, कुठले खेळाडू, काही विचारलं नाही. "विसिल कोण वाजविणार गे?"

"अमेरिकेचे पंच, मामा."

"मग मी येतों. त्यांचें विसिल ऐकूं."

मामा आले ते धोतर, पांढरा सदरा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली कुंभकोणमची विड्याची पानं घेऊन. पूर्वज खाली गेल्यापासून आमच्या घरातलं माझ्या आधी कोणी परत या मुलखात आलं नव्हतं. मामांना तर काय पाहू आणि काय नको असं झालं. "समस्त लोक घरची भाषा रस्त्यावर बोलतात गे!" ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. भाजीवालीशी बोलले, रिक्षावाल्याशी बोलले, आमच्या वॉचमनला "उदक कोठें मिळेल?" म्हणून पुसलं. वॉचमन हसला. ऑफिसातल्या एकीने मला विचारलं, "कीर्तनकार आहेत का गं हे?" मी तिच्याबरोबर हसले आणि म्हणाले, "लांबचे नातेवाईक आहेत." आईचा सख्खा भाऊ. लाज कशाची वाटायला हवी होती आणि मला कशाची वाटत होती!

सामन्याच्या दिवशी दारावर झडती होती. रखवालदाराचा हात मामांच्या छातीवर अडला, त्याने सदऱ्यातून डोकावून पाहिलं, जानवं दिसलं, त्याला बांधलेलं काहीतरी दिसलं, आणि त्याने हात जोडून त्यांना आत सोडलं. मामांनीही त्याला आशीर्वाद दिला.

खेळ ऐन रंगात आला होता. मी माझ्या ठिबकणाऱ्या कोपऱ्याजवळ पुसणाऱ्यांना घेऊन उभी होते. एक माडाएवढा खेळाडू चेंडू घेऊन सुटला, चेंडू दोन्ही हातांत घेतला, एक, दोन, तीन पावलं टाकली, उडाला.

शिट्टी वाजली. एक आखूड, एक लांब.

दहाच्या दहा खेळाडू थांबले. चेंडू आपला आपणच टप्पे खात बाहेर गेला. अमेरिकेचे पंच एकमेकांकडे बघू लागले, कारण तिघांपैकी कोणीच ती वाजवली नव्हती. समोर पाहुण्यांच्या खुर्च्यांत एक धोतरवाले गृहस्थ उभे होते आणि त्यांचा उजवा हात सरळ वर होता. पंच नसताना आपण शिट्टी वाजवली, हे त्यांना वाजवल्याबरोबर कळलं होतं. लपायचं सोडून त्यांनी रीतीप्रमाणे हात वर केला होता. सुरक्षावाल्यांना शोधावंसुद्धा लागलं नाही.

मी धावत तिथे पोहोचले तेव्हा सुरक्षेचा मुख्य माणूस त्यांना दरडावत होता, "आत कोणी आणलं तुम्हाला? पास कोणी दिला?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं. साहेबांची तंबी मीच त्यांना सकाळी कॉफी पिताना सांगितली होती, हसत हसत.

"कोणी नाहीं," मामा म्हणाले. "पास मजला बाहेर पडलेला मिळाला."

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही ओळखता यांना?"

मी तोंड उघडण्याआधीच मामा बोलले, "ह्या बाईंस मी कधीं पाहिलें नाहीं."

मला एवढंच म्हणायचं होतं की हे माझे मामा आहेत. तीन-चार शब्द. पण हात कार्ड घट्ट धरून होता. तेवढ्यात वॉकीटॉकीवर माझं नाव आलं, कोपऱ्यात पाणी साचलं होतं. मी गेले. दोघांनी दंडाला धरून मामांना बाहेर नेलं. मी फळ्या पुसून घेत होते आणि चोरून बघत होते. दारापर्यंत त्यांनी हात खाली घेतला नव्हता.

सामना छान पार पडला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. घरी पोहोचले तेव्हा मामा गाडीला निघून गेले होते. उरलेली पानं ओल्या फडक्यात नीट गुंडाळून ओट्यावर ठेवली होती.

त्या प्रसंगाचा व्हिडिओ फोनाफोनांवरून फिरला आणि कुंभकोणमात मामांचा जयजयकार झाला. अमेरिकेला थांबवणारा माणूस! कॉफीवाला त्यांना बसवून घेऊन सगळा प्रसंग सांगायला लावायचा. मामा सांगत, "थांबविलें नाहीं हो, चुकलों," आणि सर्वांसमोर हात वर करत. लोकांना त्याचीही गंमत वाटायची. आणि मग एक दिवस त्यांनी जानव्याची शिट्टी सोडून देवघराच्या कोनाड्यात ठेवली. मुंबईच्या फजितीचं मनाला लागलं, असं सगळे म्हणाले. मीही तेच मानलं. ते मानणं माझ्या सोयीचं होतं.

पोंगलला घरी गेले तेव्हा मामा घाटाच्या पायरीवर बसले होते. मी त्यांची समजूत काढायला लागले. म्हटलं, "मामा, मनाला लावून घेऊ नका. त्या लोकांच्या नियमात ते तिसरं पाऊल चालतं."

"तें मज कळलें. चूक जाली, हात वर केला, फिटलें."

"मग शिट्टी का सोडलीत?"

"खोटा निकाल दिला गे मी. ह्या बाईंस पाहिलें नाहीं, म्हणून. जाणूनबुजून. खोटा निकाल देणारानें विसिल धरूं नये."

मला पायरी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "तो तुम्ही माझ्यासाठी दिलात," मी म्हणाले. "बोलायला मी हवं होतं. मी गप्प बसले."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "मग?" एवढंच म्हणाले आणि थांबले.

मला हुंदका आला. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत राहिले. ते बराच वेळ तसेच थांबले होते, मग माझ्या पाठीवरून हात फिरवू लागले. "पोदुम, पुरे आतां. चल, कॉफी निवेल." ते कशासाठी थांबले होते, ते मला परतीच्या गाडीत कळलं. शाळेच्या त्या लढतीत मैदान खोळंबून ठेवलं होतं, तसेच थांबले होते. तेव्हा निदान रागाने का होईना, मी हात वर केला होता. आता मोठी होऊन, त्यांच्या शेजारी बसून, मला नुसतं रडता आलं. पुढच्या खेपेला करू, असं मी स्वतःला सांगितलं. पुढची खेप त्यांच्या तेराव्याला झाली.

वर्षश्राद्धाच्या सुमाराला मैदानावर त्यांच्या नावाने सामना ठेवला होता. तिथल्या क्लबच्या सेक्रेटरींनी तमिळमध्ये लांबलचक भाषण केलं. अमेरिकेला थांबवणारे विसिल मामा, आणि त्या एका फजितीच्या लाजेने शिट्टी खाली ठेवणारे मानी विसिल मामा. टाळ्या झाल्या. मग कोनाड्यातली ती काळी शिट्टी माझ्या हातात देऊन ते म्हणाले, भाचीने वाजवून खेळ सुरू करावा.

मी ती पंचांच्या हातात दिली. म्हटलं, "तुम्हीच वाजवा."

त्यांनी वाजवली आणि मी हात वर केला.

माईक अजून चालू होता. लाज त्यांची नव्हती, माझी होती, हे मी सगळ्यांना तमिळमध्ये सांगितलं. पास मी दिला होता, त्यांना मी ओळखत होते, आणि मी बोलले नाही. कोणी टाळी वाजवली नाही. दोन्ही संघ जागच्या जागी उभे होते. सेक्रेटरी कागदाची घडी घालत होते. "सरि, खाली घे," असं म्हणणारा माणूस त्या मैदानावर राहिला नव्हता, त्यामुळे हात खाली केव्हा घ्यायचा ते मला कळेना.