भोंग्यावरचा अभ्रा

माझी ताई घंटेला घाबरते, हा आमच्या नात्यात हक्काचा विनोद होता. दाराची बेल वाजली की ती दचकायची. कधी नुसती पांढरीफटक पडायची, तर कधी सरळ खाली कोसळायची. हातपाय झाडायची, डोळे फिरायचे आणि थोड्या वेळात शुद्धीवर येऊन विचारायची, "कप फुटला का गं?" लोक हसायचे. तिची सासू म्हणायची, "काम दिसलं की हिला चक्कर येते." सासूबाईंना स्वतःला मात्र शिंक आली तरी सगळ्या घराने उभं राहायला हवं असायचं.

आम्ही दोघी बहिणी एकाच हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होतो. तळघरातली ती लांबट खोली, भिंतीला वाफेचं पाणी, एका बाजूला धुण्याची मशीनं, दुसऱ्या बाजूला सुकवायची. मी चादरींच्या घड्या घालायचे, ताई फाटलेल्या चादरी आणि डॉक्टरांचे कोट शिवायची. तिचा टाका असा की फाटलं कुठे होतं ते बोटाने चाचपडावं लागे. सुकवायचं मशीन थांबलं की भोंगा वाजायचा, आणि तो भोंगा म्हणजे कानाशी कुणी पत्रा फाडावा तसा. पहिल्यांदा ताई पडली तेव्हा शिलाई मशीनच्या कडेवर कपाळ आपटलं. दुसऱ्यांदा पडली तेव्हा आमच्यातली सगळ्यांत जुनी बाई, जिला आम्ही आक्का म्हणायचो, ती म्हणाली, "हिला आवाज बाधतो. मग आवाजाचंच तोंड बांधा की."

तिने उशीच्या जुन्या अभ्र्याची जाड घडी केली आणि भोंग्यावर नाडीने करकचून बांधली. भोंगा नुसता घोगरा गुरगुरायचा. मशीन थांबत आलं की जवळ असेल तिने हळू हाक द्यायची, "झालं गं." बस्स. आमच्या खोलीचा कायदाच झाला तो. नवा सुपरवायझर आला त्याने पहिल्याच दिवशी अभ्रा ओढून काढला. "मशीनवर चिंध्या? हा काय धोबीघाट आहे?" आक्का म्हणाली, "मग काय राजवाडा आहे?" तेवढ्यात भोंगा झाला आणि ताई त्याच्या पायाशी पडली. माणूस तसा खडूस, पण त्या दिवशी त्याने अभ्रा स्वतःच्या हाताने परत बांधला, वर एक गाठ जास्तच मारली.

ताईच्या घरी असा एकही माणूस नव्हता.

दाजी एका कारखान्यात टाइमकीपर. कोण किती वाजता आत आलं, कोण उशिरा आलं, हे बघणं हाच त्यांचा धंदा आणि हाच त्यांचा देव. स्वतः कधी उशीर केला नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगायचे. ताईला त्यांनी डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं, एवढं मात्र खरं. डोक्याचा आलेख काढला, त्यात काही सापडलं नाही, तरी डॉक्टरांनी फिट्सच्या गोळ्या लिहून दिल्या. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! त्या गोळ्यांनी ताईला गुंगी यायची. सकाळी डोळा उघडेना. दाजींचा डबा चुकायला लागला. मग दाजींनी मोठ्या आवाजाचं गजराचं घड्याळ आणलं, डोक्यावर दोन घंट्या असलेलं, आणि ते तिच्या उशाशी ठेवलं. गजराने झटके वाढले. झटके वाढले म्हणून गोळ्या वाढल्या. गोळ्यांनी झोप वाढली. मग दाजींनी घड्याळ पत्र्याच्या डब्यावर ठेवायला सुरुवात केली, म्हणजे आवाज अजून घुमेल.

मी भांडले. "दाजी, हात लावून उठवा की तिला. लाँड्रीत आम्ही भोंगा बांधून ठेवलाय."

"तुमच्या लाँड्रीचे लाड माझ्या घरात नकोत," ते म्हणाले. "सवय लागली की दचकणं जाईल. माणसाला कशाचीही सवय होते."

ताई मलाच गप्प करायची. "जाऊ दे गं, त्यांना वेळेवर निघायचं असतं." मला तिचा राग यायचा, तो आजही गेलेला नाही. एवढं सोसायला तिला कुणी सांगितलं होतं?

ती गेली तो आठवडा पोट बिघडल्याचा होता. जुलाबांनी पार गळून गेली होती. मी म्हटलं, माझ्याकडे ये, चार दिवस पड. नाही म्हणाली, डबा कोण करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी गजर झाला आणि ती उठलीच नाही. दाजींनी सगळ्यांना सांगितलं, फिट आली आणि झोपेतच गेली. सासू म्हणाली, पुण्यवान, त्रास नाही झाला.

मग शाळेची घंटा वाजली आणि तिची लेक चिमी वर्गात कोसळली.

बाई म्हणाल्या, आईचं बघून उचललंय. दाजी म्हणाले, आईच्या गोळ्या कपाटात आहेतच, त्याच डॉक्टरला विचारून सुरू करू. तेव्हा माझं डोकं फिरलं. त्यांना न विचारता पोरीला घेऊन मी आमच्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर गेले, हृदयाच्या डॉक्टरांकडे. तिला टेबलावर झोपवलं, छातीला तारा चिकटवल्या, मशीनमधून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. चहा निवायच्या आत सगळं झालं. टेबलावरच्या चादरीला कोपऱ्यात ताईचा टाका होता. मी तो ओळखला आणि मला तिथेच रडू फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत बारीक बारीक दारं असतात. ठोका पडून गेला की त्यातून पोटॅशियम बाहेर जातं आणि हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं. चिमीची ती दारं जन्मापासून सुस्त. हृदयाला सावरायला उशीर लागतो, आणि नेमका त्याच वेळी मोठा आवाज झाला, माणूस दचकला, की ठोका चुकून हृदय नुसतं थरथरतं. मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस पडतो, हातपाय झाडतो. बघणाऱ्याला वाटतं फिट.

"आणि जुलाब?" मी ताईचं सगळं दुखणं सांगून विचारलं.

"त्यात अंगातलं पोटॅशियम जातं. मग ती दारं आणखीच अडतात," त्या म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "अशी दारं मेंदूतही असतात. कुणाकुणाला दोन्हीचा त्रास होतो. तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी डोक्याकडे बघितलं, ते अगदीच चूक नव्हतं. फक्त ही पट्टी काढायला हवी होती."

फक्त! ताई या मशीनच्या खाली, तळघरात, इतकी वर्षं बसून होती. जिने चढून कुणी तिला वर आणलं नाही.

दोष रक्तातून येतो, म्हणून माझी आणि दाजींचीही पट्टी काढायला सांगितली. माझी साफ निघाली. दाजी आधी येईनात. "ती फिटनेच गेली, विषय संपला." मग एक दिवस कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, वेळेच्या आधी. त्यांचीही पट्टी साफ. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून उजेडात बघितली, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

"बघ," मला म्हणाले, "माझ्याकडून काही नाही."

"तुमच्याकडून घड्याळ होतं, दाजी," मी म्हणाले.

त्यांनी पट्टीची घडी करून खिशात घातली आणि कामावर निघून गेले. त्या दिवशीही उशीर झाला नसणार.

चिमीला आता हृदयाच्या गोळ्या आहेत. काही औषधं तिला कायमची बंद, आणि झोपायच्या खोलीत गजर नाही की फोन नाही. तिला हाताने उठवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. दाजी म्हणाले, "मी कुठे रोज हिच्या उशाशी बसू?" म्हणून ती माझ्याकडे राहते. मी दाराची बेल काढून टाकली. आक्का येते ती दार बोटाने खरडते, मांजरासारखी.

सकाळी मी चिमीच्या पाठीवरून हात फिरवते आणि हळूच म्हणते, "झालं गं." ती डोळे उघडते. याला काही शिक्षण लागत नाही. काल तिने तशीच पडल्या पडल्या विचारलं, "मावशी, आईला कोण असं उठवायचं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "ऊठ आता."